एकच गोष्ट अशक्य ठेवा

कल्पनाविश्वावरचा कलाप्रकल्प वर्गात जाहीर केला की मुलं खुलतात. 'काहीही काढलं तरी चालेल ना, सर?' हा पहिला प्रश्न असतो. चालेल म्हटलं की आठवड्याभरात सगळ्यांच्या वह्यांत एकच चित्र दिसू लागतं. टोकदार मनोऱ्यांचा किल्ला, मागे बर्फाचे डोंगर आणि वर आग ओकणारा ड्रॅगन. मी जळगावात चित्रकला शिकवतो, धुळ्याकडच्या शाळांची प्रदर्शनंही पाहायला जातो. दोन्हीकडे हेच. ज्या मुलांनी मे महिन्यात 45 अंशांचं ऊन सोसलंय, ज्यांनी गारपिटीपलीकडे बर्फ पाहिला नाही, त्यांच्या जादूनगरीत हिमशिखरं कुठून येतात? मोबाईलमधून येतात. आता तर मोबाईलला एक वाक्य सांगितलं की तो चित्रच काढून देतो आणि त्यातही तोच किल्ला असतो.

आमचा असा पहिला प्रकल्प स्नेहसंमेलनाच्या वेळी उभा राहिला. पुठ्ठ्याचा किल्ला छताला टेकला होता, ड्रॅगनच्या डोळ्यांत लाल दिवे होते. मुलांनी जीव तोडून काम केलं होतं. पालक आले, फोटो काढले, पुढच्या दालनात गेले. एका मुलाच्या वडिलांनी मात्र थांबून मनापासून विचारलं, 'हे कुठलं गाव आहे? इथं लोक काय खातात?' किल्ला बांधणारी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. त्या नगरीत कोण राहतं, पाणी कुठून येतं, ड्रॅगन कुणावर चिडलाय, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. इतक्या मेहनतीनंतर मुलांना स्वतःच्याच कामाबद्दल चार वाक्यं बोलता येऊ नयेत, याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतरच्या वर्षांत जे हाती लागलं ते इथं लिहितो आहे. असा प्रकल्प करणाऱ्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कल्पनाविश्वात एकच गोष्ट अशक्य ठेवा, बाकी सगळं खरं ठेवा.

हे मला अजिंठ्याने शिकवलं. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर. आपल्याकडची मुलं तिथं सहलीला जातात, अंधारात डोकावतात आणि डबा खाऊन परततात. पुढच्या वेळी त्यांना दहाव्या आणि सतराव्या लेण्यातल्या छद्दंत जातकापुढे बसवा. बोधिसत्त्व हत्तीच्या जन्माला आलेला आहे, त्याला सहा सुळे आहेत, आणि गतजन्मीचा राग धरून बसलेली राणी ते सुळे आणायला शिकाऱ्याला पाठवते. सहा सुळ्यांचा हत्ती जगात नाही. पण तो काढणाऱ्याने हत्ती पुरता पाहिलेला आहे. त्याचं वजन, सोंडेचा बाक, कळपात एकमेकांना लागून उभं राहणं, सगळं डोळ्यांनी टिपलेलं आहे. म्हणून ते सहा सुळे आपण विनातक्रार मान्य करतो. पहिल्या लेण्यातला नागराजही तसाच. डोक्यामागे फणा, बाकी बसण्याची ढब एखाद्या दरबारी माणसाची. मुलांना हे शब्दांत सांगून पटत नाही. तिथं बसून हत्तीचा एक पाय काढायला लावला की पटतं.

आमच्या मुलांच्या डोक्यात याला जोड मिळाली ती चांगदेवाची. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे, जवळच मुक्ताईनगर. वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन निघालेले चांगदेव आणि त्यांना भेटायला ज्ञानेश्वरादी भावंडांनी चालवलेली भिंत, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाने घरी ऐकलेली असते. भिंत आळंदीची, पण मुक्ताई आणि चांगदेव दोघंही आमच्या तापीकाठचे. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, 'सर, ती भिंत नंतर थांबली कशी?' त्या प्रश्नातून आमचा पुढचा प्रकल्प निघाला. संतांची चित्रं काढायची नाहीत, त्यांच्या कथेला हात लावायचा नाही, फक्त आमच्या एका गावातली एक साधी भिंत रात्री चालते असं धरायचं. अशक्य गोष्ट एवढीच.

मग नियम ठरवले, आणि इथं मी मुलांना घाई करू दिली नाही. भिंत रात्रीच चालते. समोर माणूस आला की थांबते. जिथून जाते तिथली माती तिला चिकटते. या तिसऱ्या नियमाने सगळं चित्र बदललं. भिंत तापीकाठच्या रानातून गेली तर तिला काळी माती लागणार, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरूम लागणार, रावेर-यावलच्या केळीबागांतून गेली तर केळीचा चीक लागणार. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे शेतकऱ्यांच्या मुलांना पाठ असतं. त्यांनी तो चीकच रंग म्हणून कागदावर वापरून पाहिला, वाळल्यावर तो छान तपकिरी दिसला. पोस्टर कलरच्या डब्या मग फारशा उघडाव्या लागल्या नाहीत. अजिंठ्याचे चित्रकारही बहुतेक रंग माती-दगडांतूनच घेत होते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी. फक्त निळ्यासाठीचा लाजवर्द दगड दूर अफगाणिस्तानाकडून यायचा. प्रकल्पात रंग कमी ठेवा आणि प्रत्येक रंग कुठून आला ते मुलाला सांगता येऊ द्या.

भिंत कशी दिसते हा प्रश्न उरला. मुलं विटांची भिंत काढू लागली, आखीव, पुस्तकातली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी बाजार, बसस्टॉप, विहीर यांचे साचे पाठ करून हात तसा वळलेला असतो. परीक्षेपुरतं ते ठीक आहे, पण असा हात कल्पनाचित्रातही साचाच काढतो. म्हणून सगळ्यांना आपापल्या गावी धाब्याची घरं बघायला पाठवलं. मातीच्या जाड भिंती, वर सपाट धाबं, भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा, पावसाने धुपून उघडे पडलेले काडीचे तुकडे. मुलांनी आजोबांना विचारून भिंतीची जाडी हाताने मोजून आणली. अशी घरं आता एकेक करून पडताहेत, त्यामुळे त्या रेखाटनांचं मोल प्रकल्पापलीकडचं आहे. धुळ्याकडच्या शाळांना साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची जुनी मंदिरं आहेत, शहराजवळ लळिंगचा किल्ला आहे. किल्ला काढायचाच असेल तर आधी लळिंगला जाऊन पडका बुरूज कसा ढासळतो ते काढा.

मोठं बांधण्याचा मोह फार असतो, तो आवरा. धुळ्याजवळच्या गोंदूरला जन्मलेले राम सुतार यांनी सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा घडवला, पण सुरुवात लहान प्रतिकृतीपासूनच केली. त्याआधी तरुणपणी त्यांनी अजिंठा-वेरूळला पुरातत्त्व खात्यासाठी शिल्पांच्या दुरुस्तीचं काम केलं होतं. लहानात चूक दिसते आणि स्वस्तात सुधारते. टेबलाएवढ्या जागेत केवढं जग मावतं हे पाहायचं असेल तर मुलांना चाळीसगावला न्या. स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस आयुष्याची कित्येक दशकं जवळजवळ बाहेर न पडता राहिले. टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा पाडून त्यांनी काढलेली छायाचित्रं खऱ्या देखाव्यांसारखी वाटतात. तिथं वस्तू खऱ्या आहेत, आकारमान तेवढं काल्पनिक आहे. आमची भिंत शेवटी एका बाकावर मावेल एवढी झाली आणि बाजूने टॉर्चचा उजेड टाकल्यावर तिची सावली वर्गाच्या भिंतीवर चालू लागली. लोक त्या अंधाऱ्या खोलीत बराच वेळ थांबले.

आता दोन गोष्टी, ज्यांत जपून राहायला हवं.

श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाचा मुखवटा, नथ, दागिने, रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. चित्रकाराच्या डोळ्याला तो मुखवटा विलक्षण वाटतो आणि एका गटाने तो आपल्या जादूनगरीच्या राणीला लावायचं ठरवलं होतं. मी त्यांना आधी घरी विचारून यायला सांगितलं. एका मुलाची आजी म्हणाली, 'ती आमनी माय शे.' एवढ्यावर विषय संपला आणि संपायलाच हवा होता. ज्याची पूजा होते ते आपल्या गोष्टीतलं पात्र करायचं नाही. सातपुड्यातल्या होळीला बावा, बुध्या मोरपिसांचे टोप घालून, अंगावर रंगाचे ठिपके काढून नाचतात. तेही व्रत असतं, पाळणूक असते. त्याला वेशभूषा समजून वर्गातल्या मुलाला नटवू नका. त्या समाजातला मुलगा वर्गात असेल तर त्याला बोलू द्या, तो काय सांगायचं आणि काय नाही ते ठरवेल.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. परदेशी परीकथेत टोकदार टोपीची चेटकीण असते, तिला आपल्याकडे आणताना मुलं सहज 'डाकीण' म्हणतात. सातपुड्याच्या पाड्यांमध्ये हा शब्द जिवंत बायांवर लावला गेलेला आहे. मारहाण झाली, घरं सोडावी लागली, जीव गेले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते याविरुद्ध वर्षानुवर्षं काम करताहेत आणि 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदाही झाला. आमच्या वर्गात चेटकिणीचं चित्र चाललं असताना डोंगराकडून आलेला एक मुलगा पेन्सिल खाली ठेवून गप्प बसला. त्याने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून आमच्या कल्पनाविश्वात म्हातारी, एकटी, काळी, वाकडी बाई खलनायिका होत नाही. हा नियम मी कुठल्याही मुलासाठी मोडत नाही आणि तुम्हीही मोडू नये असं मला कळकळीने वाटतं. भीती रंगवायची असेल तर कोरडी पडलेली नदी रंगवा, त्या भीतीला इथं कुणाचा चेहरा लागत नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे आणि त्याची गरजही नाही. बांबूच्या कामट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, जुने पुठ्ठे फुकटात मिळतात. कागदाच्या लगद्यात आपल्या आज्या मेथीची पूड घालत, टोपल्यांना कीड लागू नये म्हणून. तेच करा. कणकेची खळ वापरली तर उंदीर आणि झुरळं रातोरात काम कुरतडतात. चिंचोक्याची खळ जास्त चिवट असते, पण तीही नीट वाळवावी लागते. खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, ते विष आहे, मुलांच्या हाती देऊ नका. ग्लू गनचे जोड थंडीत घट्ट वाटतात आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत सुटतात, त्यामुळे मुख्य सांधे सुतळीने बांधा.

गटात काम वाटताना लक्ष ठेवा. मुलगे शिडीवर चढतात आणि मुलींच्या वाट्याला किनारी रंगवणं येतं. भिंतीचा प्रश्न विचारणारी मुलगीच आमच्या प्रकल्पाची खरी रचनाकार होती, म्हणून प्रदर्शनात बोलायला तिलाच उभं केलं. प्रत्येकाचं नाव आणि त्याने केलेलं काम पाटीवर लिहा. चाळीसगावपासून जवळ पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला हसरा, बुटका यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचं नाव त्याच्या हातावर कोरलेलं आहे. आठवीतल्या मुलांनाही तेवढा मान द्यावा.

आणि काम झाल्यावर नोंद ठेवा. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून केलेल्या चित्रप्रतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन 1872 पासून पुन्हा प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक. या प्रतींपैकीही कित्येक 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. तरीही 1896-97 मध्ये ग्रिफिथ्स यांचे ग्रंथ निघू शकले, कारण उरलेलं आणि नोंदलेलं हाताशी होतं. शाळेतला प्रकल्प तर संमेलन संपताच अडगळीच्या खोलीत जातो. मुलांची कच्ची रेखाटनं, नियमांचं पान, फसलेले नमुने, सगळं एका वहीत चिकटवा. सकाळच्या उजेडात फोटो काढा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तयार कामापेक्षा ही वही जास्त शिकवते.

शिक्षकांना विनंती एवढीच. या वर्षी विषय जाहीर करण्याआधी मुलांना वही-पेन्सिल देऊन एक दिवस बाहेर न्या, आणि परत आल्यावरच विचारा की यातलं अशक्य काय करायचं. अजिंठा सोमवारी बंद असतो, वार बघून निघा.