चावी फिरवली की नुसतं ‘टक’

प्रश्न : आमची जीप जव्हार-मोखाडा भाडी मारते. पावसात स्टार्टर उचलत नाही. तो कुठे असतो, स्वतः बघू का?

उत्तर : आधी बॅटरीची टर्मिनलं पाहा. आपल्याकडच्या पावसात त्यांवर थर चढतो नि आळ स्टार्टरवर येतो. ती घासूनही ‘टक’ राहिलं, तर पॉझिटिव्हची जाड केबल कुठे जाते ते पाहा. इंजिन गिअरबॉक्सला मिळतं तिथे, फ्लायव्हीलच्या कडेला स्टार्टर सापडेल. हात घालण्यापूर्वी निगेटिव्ह केबल काढाच. चावी बंद असली तरी स्टार्टरपर्यंत करंट असतो. पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडून भाजतं. इंजिनही थंड होऊ द्या. आणि घाटउतारावर, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. सपाट जागा, चाकांना दगड, खाली पक्के स्टँड हवेत. नसतील तर मेकॅनिकलाच बोलवा.