आधी माळ मोजा, मग शेळ्या

मृगाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसतो आणि वाड्याचं फाटक उघडायला हात शिवशिवतात. थांबा. माळावर जा, मूठभर गवत धरून ओढा. मुळासकट हातात आलं तर शेळीच्या तोंडीही तसंच येणार, आणि मागे उरणार तरोटा. गवत वीतभर होऊन मूळ धरेपर्यंत बांधावरच्या पाल्यावर आणि उरल्यासुरल्या कडब्यावर भागवा.

माळाचे चार तुकडे पाडा. त्यातला एक बी झडेपर्यंत अजिबात चारायचा नाही. पुढच्या वर्षी दुसरा. विरळ जागी मारवेलचे ठोंब लावा. कापायचं गवत फुलोऱ्यातच कापा. कुसळं धरली की कस तर गेलाच, वर ती शेळीच्या ओठांत, हिरड्यांत रुततात.

आंत्रविषाराची लस राहिली असेल तर आधी ती उरका. कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडलेलं करडू संध्याकाळी धडधाकट असतं, सकाळी गेलेलं असतं.

शहरातली नोकरी सोडून आलेली पोरं हल्ली थेट विचारतात, "शंभर शेळ्या, पाच बोकड, जमेल का?" राष्ट्रीय पशुधन अभियानात एवढ्या गटाला ५० टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे, म्हणून आकडा नेमका तोच! पण ३० किलोची शेळी दिवसाला किलोभर कोरडा चारा खाते, म्हणजे वर्षाला जवळपास ४ क्विंटल. १०५ जनावरांना साधारण ४० टन, करडं वेगळीच. दुर्लक्षित माळाने हेक्टरी टन-दीड टन दिलं तरी पुष्कळ. तेवढा माळ आहे का तुमच्याकडे?

दहा उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड घेऊन सुरुवात करा. बांधावर शेवरी, हादगा लावा. शेळी मुळात शेंडेखाऊ, नुसत्या गवतावर रमत नाही. एक ताणकाटा घ्या आणि दर महिन्याचं वजन वहीत टिपा. बाजारात दलाल बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून उक्ता भाव सांगतो, तेव्हा किलोचा आकडा तुमच्या तोंडी हवा.

त्याच वहीत बकरी ईदचंही गणित मांडा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. पाच महिने गाभणकाळ, पुढे बोकड वर्षाचा व्हायला हवा. म्हणजे ज्या ईदला विकायचा, तिच्या किमान सतरा-अठरा महिने आधी शेळी फळलेली असली पाहिजे.