चंद्र-पतंगाचे नाव

गेल्या सोमवारी सकाळी आपल्या व्हरांड्याच्या भिंतीवर एक भलामोठा पतंग बसला होता. (उडवायचा नव्हे, किड्यांतला.) रंग फिकट पोपटी, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, मागे दोन लांब शेपट्या. पुणे शहर आपल्याला लागूनच, रात्रभर दिवे असतात. त्या उजेडाला भुलून आला असेल. एका मुलाने मारायला चप्पल काढली. मी पटकन वर टोपली धरली.

आम्ही त्याला साखरेचं पाणी दिलं तर गुरुजी हसले. म्हणाले, "ही मादी आहे. हिला खाण्याजोगं तोंडच नाही. अळी असताना जे खाल्लं, त्यावर आठवडाभर जगायचं."

मग नावावरून वाद झाला. कोणी पाकोळी म्हणे, कोणी भुताचं फुलपाखरू! गुरुजींनी फळ्यावर लिहिले: ॲक्टिअस सेलेने (ह्यूब्नर, १८०७). हे नाव जगभर एकच चालते. हजेरीपटात आपले आडनाव आधी येते ना, तसे ॲक्टिअस हे आडनाव. सेलेने हे स्वतःचे नाव. ती ग्रीक लोकांची चंद्रदेवता. उत्तर अमेरिकेत याच आडनावाची एक बहीण आहे, तिचं नाव लुना. म्हणजे तीही चंद्रच!

मी विचारलं, "कंस कशाला?" ह्यूब्नर हे जर्मन गृहस्थ. त्यांनी १८०७ साली सेलेने नाव ठेवले, पण तेव्हा आडनाव दुसरेच होते. ॲक्टिअस हे आडनाव लीच या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१५ साली काढले. पुढे आपला पतंग त्या घराण्यात गेला. असं घराणं बदललं की नाव ठेवणाऱ्याला कंसात घालतात. सेलेने मात्र तसंच राहिलं. आधी ठेवलेलं नाव उगाच कोणी बदलायचं नाही, असा शास्त्रज्ञांचा नियम आहे.

घरी आईला हे सांगितलं. लग्नात तिचं आडनाव बदललं आणि नावसुद्धा बदललं. आजोळी अजून जुन्याच नावाने हाक मारतात. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पतंगाचं बरं आहे की रे!"

संध्याकाळी टोपली उचलली तशी मादी उडून गेली. टोपलीला आतून बारीक मण्यांसारखी अंडी चिकटली आहेत. तिला नर भेटला असेल तरच दहा-बारा दिवसांत अळ्या निघतील. टोपली कपाटावर आहे, कोणी हलवू नये. अळ्यांना मोईचा पाला लागेल. ज्यांच्या बांधावर मोई आहे त्यांनी मला सांगावे.