आट्यांचा कॅमेरा : पुनर्जन्म द्यावा का?

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरी गेलो होतो. माळ्यावरून पणत्यांचं खोकं काढताना त्याच्यामागे जाड चामड्याच्या कव्हरातला एक कॅमेरा सापडला. आजोबा मुंबईच्या गोदीत नोकरीला होते, तेव्हा त्यांनी तो जुन्या बाजारातून घेतला होता. रशियन बनावटीचा ‘झोर्की-४’. सेल नाही, स्क्रीन नाही, वजन मात्र भरपूर. आजी म्हणाली, “ह्यांचा जीव होता त्याच्यात. बघ चालतोय का.”

गावातल्या एका जुन्या कारागीर काकांनी तो साफ करून दिला. मग काय, रोल भरला, आजीला अंगणात बसवलं, मागे अजिंक्यतारा, आणि खटाखट फोटो सुरू! बावीस फोटो झाल्यावर आत्याची मुलगी म्हणाली, “दादा, पुढचं टोपण काढायचं असतं का रे?”

मित्रांनो, हसू नका. ही चूक या कॅमेऱ्यात कोणाचीही होते, आणि ती का होते हे कळलं की अर्धा कॅमेरा कळला.

यंत्र कसं चालतं?

आपल्याला माहीत असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात आरशामुळे आपण लेन्समधूनच बघतो. टोपण असलं की काळोख दिसतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. त्यामुळे टोपण लावलेलं असलं तरी आजी छान हसताना दिसते!

मग फोकस कसा करायचा? सर्व्हेइंगच्या तासाला आपण बेसलाइन आणि कोनावरून अंतर काढतो, तेच इथे आहे. दोन खिडक्यांमधलं अंतर सुमारे ३८ मिलिमीटर. दोन्हींतून आलेल्या प्रतिमा मधल्या ठिपक्यात एकावर एक दिसतात. लेन्स फिरवली की तिच्या मागची कडा आतला दांडा ढकलते आणि एक प्रतिमा सरकते. दोन्ही जुळल्या की फोकस झाला. गणित करून बघा : वस्तू १ मीटरवर असताना कोन सुमारे २.२ अंश, १० मीटरवर ०.२२ आणि २० मीटरवर ०.११. म्हणजे लांबचं माप नाजूक होत जातं. म्हणूनच मोठ्या टेलिफोटो लेन्सला हे यंत्र पुरत नाही. पण घरातल्या, रस्त्यातल्या माणसांच्या फोटोला ते उत्तम. शिवाय आरसा नसल्यामुळे आवाज कमी.

आट्यांचं गणित

जर्मनीच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाकने तयार केलेला लायका १९२५ मध्ये बाजारात आला. १९३०-३१ च्या सुमारास त्याला बदलता येणाऱ्या, आट्यांनी बसणाऱ्या लेन्स आल्या आणि १९३२ च्या लायका-२ मध्ये लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर. पुढे सोव्हिएत संघात फेड आणि झोर्की, जपानमध्ये कॅनन, असे अनेकांनी त्याच धर्तीवर कॅमेरे काढले.

हे आटे मोठे मजेशीर आहेत. व्यास ३९ मिलिमीटर, पण पिच इंचात : इंचाला २६ आटे, म्हणजे ०.९७७ मिलिमीटर. वर्कशॉपमध्ये एखाद्याने “मिलिमीटरच आहे की” म्हणून १ मिलिमीटर पिचने आटे पाडले, तर चार फेऱ्यांत सुमारे ०.०९ मिलिमीटरचा फरक पडतो. सुरुवातीला लेन्स गोडीगुलाबीने बसते आणि मग अडते. ताकद लावणाऱ्याने आटे खाल्लेच म्हणून समजा.

१९५४ मध्ये लायका एम-३ आला आणि आट्यांऐवजी झटकन बसणारं बायोनेट आलं. पण बघा त्या लोकांची दूरदृष्टी : आट्यांच्या कॅमेऱ्यात फिल्मपासून लेन्सच्या बैठकीचं अंतर २८.८ मिलिमीटर, नव्यात २७.८. बरोबर १ मिलिमीटरचा फरक. एवढ्या जाडीची कडी मध्ये घातली की जुनी लेन्स नव्यावर चालते!

पुन्हा बनवावा का?

हा प्रयोग एकदा झालाय. जपानच्या कोसिना कंपनीने ‘फोख्टलेंडर’ या जुन्या नावाने १९९९ मध्ये बेसा-एल आणि २००० मध्ये रेंजफाइंडर असलेला बेसा-आर काढला. दोन्ही आट्यांचे. पण २००२ च्या बेसा-आर२ ला त्यांनीही बायोनेटच दिलं. २०१५ मध्ये बेसा कॅमेरे थांबले. फिल्मची हौस मात्र थांबली नाही. लायकाने २०२२ मध्ये एम-६ पुन्हा आणला, पेंटॅक्सने २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा काढला.

आपल्याकडची अडचण वेगळीच. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म कधीकाळी देशात बनायची. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. माझा एक रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून हजाराच्या वर गेले. हॉस्टेलवरच्या माणसाला हा आकडा झोंबतो!

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये स्वतःचा सिनेमा कॅमेरा तयार केला आणि त्यावर पुढे ‘सैरंध्री’ चित्रपट केला. त्यांना कॅमेरा हवा होता, कारण सिनेमा करायचा होता. आज नवा आट्यांचा कॅमेरा काढायचा, तर तशी गरज कुठे आहे? लेन्स १ मिलिमीटरच्या कडीवर चालतायत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : नव्या कॅमेऱ्याला आटे देण्याची गरज नाही.

मग काय जगवायचं?

उत्तर मला मिरजेत मिळालं. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस गेले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत जुना तंबोराही दुरुस्तीला येतो आणि पुन्हा सुरात लागतो. वाद्य टिकतं ते दुरुस्त करणारा हात आहे म्हणून.

कॅमेऱ्याचा तो हात जातोय. साताऱ्याच्या काकांना पैसे विचारले, तर म्हणाले, “पैशाचं राहू दे. आतलं कापड आता कडक झालंय, चारपाच वर्षांनी बदलावं लागेल. तेव्हा मी असेन-नसेन. पोरगा मोबाइल दुरुस्त करतो, हे कोणी शिकलंच नाही.”

आपल्याकडे लेथ आहे, पिच गेज आहे, ड्रॉइंग काढता येतं. जुन्या कॅमेऱ्याचा एकेक भाग मोजून त्याची ड्रॉइंग्ज करून ठेवली, तरी खूप झालं. मी शटरपासून सुरुवात केली आहे. पुढच्या सुट्टीत वही घेऊन काकांच्या दुकानात बसणार आहे. कोणाला यायचं असेल तर सांगा.

आणि हो, राहिलेल्या चौदा फोटोंतला एक अगदी नीट आलाय. आजी हसतेय, बहुधा त्या टोपणालाच!