घुबड घराजवळ आहे? मग उंदरांचा हिशेब असा करा



शिरोळ-हातकणंगल्याचा ऊस असो की पन्हाळा-शाहूवाडीचा भात, उंदीर सगळीकडेच आहेत. फड तुटला की ते शेजारच्या रानात घुसतात. त्यांच्या मागावर रात्री एक बिनपगारी राखणदार असतो, घुबड.

*दोन जाती ओळखा*
१) गव्हाणी घुबड: चेहरा पत्त्यातल्या बदामासारखा, पांढरा. जुना वाडा, विहिरीची कपार, देवळाचं शिखर इथं राहतं. दोन कान एका पातळीत नसल्यानं नुसत्या आवाजावरून काळोखातही नेम धरतं. उडताना पंख वाजत नाहीत. मुख्य खाणं उंदीर.
२) पिंगळा: साळुंकीएवढा, तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. आंब्या-चिंचेच्या ढोलीत राहतो, दिवस मावळताना तारेवर बसतो. भुंगेरे, नाकतोडे, पतंग आणि लहान उंदीर खातो. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा तिथं लक्ष ठेवा.

*करून बघा*
घुबड लहान उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडं गोळी करून तोंडातून टाकतं. बसायच्या जागेखाली अशा गोळ्या सापडतात. हातमोजे घालून गोळी पाण्यात भिजवा, काडीनं सोडवा. खालच्या जबड्याचे दोन भाग म्हणजे एक उंदीर. पोरांनाही दाखवा.

*विष टाकण्याआधी*
ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त फिरतो, घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जातं. म्हणजे राखणदारच जातो, उंदीर पुन्हा वाढतात.
✅ आधी बांध साफ करा, बिळं बुजवा, सापळे लावा.
✅ भुईमूग, सोयाबीन, भातात टी आकाराचे पक्षीथांबे उभे करा.
✅ विष लागलंच तर लेबलप्रमाणे, बिळाच्या आतच ठेवा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा.

*अपशकुन नव्हे*
पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ मध्ये घुबडांचा उत्सव भरला. घुबड पकडणं, मारणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी कुणी मागायला आलं, किंवा जखमी घुबड दिसलं, तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

तुमच्या रानात कुठली जात दिसली, ते ग्रुपवर लिहा. ढोलीजवळ जाऊन फोटो काढू नका, पिल्लं असतील तर जोडी बिथरते. 🙏