‘हम्म’ आणि ‘हजन’ : चिंतेची उकल करणारी एक दुआ

खैबरच्या मोहिमेवर निघताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्याकडे प्रवासातील सेवेसाठी एखादा मुलगा मागितला. अबू तल्हा आपल्या सावत्र मुलाला, म्हणजे हजरत अनस (रजि.) यांना, सवारीवर मागे बसवून घेऊन आले. वाटेत मुक्काम पडे तेव्हा अनस (रजि.) प्रेषितांच्या सेवेत हजर असत आणि त्या दिवसांत एक दुआ त्यांच्या कानी वारंवार पडत असे. सहीह बुखारीत ती त्यांच्याच निवेदनाने आलेली आहे.

या दुआमध्ये आठ गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे : हम्म म्हणजे पुढची चिंता, हजन म्हणजे झाल्या गोष्टीचे दुःख, अज्ज म्हणजे असमर्थता, कसल म्हणजे आळस, बुख्ल म्हणजे कंजूषपणा, जुब्न म्हणजे भ्याडपणा, कर्जाचा भार आणि माणसांची दडपशाही. ही एकांतात, निवांत बसून करावयाची दुआ म्हणून आपल्यापर्यंत आलेली नाही. तळ पडतो आहे, सामान उतरते आहे, पुढे युद्ध आहे, अशा धांदलीत ती ओठांवर होती. आपल्या घरांतून सकाळी डबे, शाळेची गाडी, पाण्याची वेळ आणि कामावर जाण्याची घाई यांत जो जीव मेटाकुटीस येतो, त्याला म्हणूनच ही दुआ परकी वाटू नये.

इमाम इब्न कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’ या ग्रंथात या आठ शब्दांच्या चार जोड्या लावून दाखविल्या आहेत. मनाला सलणारी गोष्ट होऊन गेलेली असेल तर ती हजन, यावयाची असेल तर हम्म. हिताचे काम हातून होत नसेल, तर एक तर ताकद नाही म्हणून, हे अज्ज. किंवा इच्छा नाही म्हणून, हे कसल. आपल्याकडून दुसऱ्याला मिळावयाचा लाभ देहाच्या बाबतीत अडला तर जुब्न, मालाच्या बाबतीत अडला तर बुख्ल. आणि दुसऱ्याचा आपल्यावर वरचष्मा झाला, तो हक्काने झाला तर कर्ज, नाहक झाला तर दडपशाही. ‘मला टेन्शन आहे’ या एका शब्दात आपण जे सगळे कोंबतो, ते येथे आठ ठिकाणी वेगळे करून ठेवले आहे. मनाला बळ येण्याची सुरुवात या निवाड्यापासून होते, असे मला वाटते. ज्याला आपले ओझे कशाचे आहे हेच ठाऊक नाही, तो ते उतरवणार तरी कसे?

हजनविषयी आपल्या समाजात एक गैरसमज आहे. मय्यतीच्या घरी एखादी माता रडू लागली की ‘रडू नका, गुनाह होतो’ असे सांगणारे चार जण लगेच पुढे होतात. मनाई आहे ती ऊर बडवून, कपडे फाडून केलेल्या आक्रोशाला, अश्रूंना नव्हे. प्रेषितांचे पुत्र इब्राहीम यांनी त्यांच्या मांडीवर प्राण सोडला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. एका सहाबींनी आश्चर्याने विचारले असता, ही दया आहे, असे त्यांनी सांगितले. डोळा रडतो, हृदय दुखते, परंतु मुखाने आपण आपल्या पालनकर्त्याला आवडेल तेच बोलतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. हजरत याकूब (अ.) यांनी सुंदर संयमाचा निर्धार केला होता, तरीही पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे पडले, हे सूरह यूसुफच्या ८४व्या आयतीत आले आहे. दोनच आयतींनंतर ते म्हणतात की आपल्या दुःखाची तक्रार आपण फक्त अल्लाहकडेच करतो. म्हणजे संयमी माणसालाही तक्रार असते. ती कोणापुढे मांडावी, हे त्याला ठाऊक असते.

हम्म मात्र अधिक चिवट असते, कारण तिला घडलेल्या घटनेचाही आधार लागत नाही. मुलीचा निकाल अजून लागलेला नाही, नोकरी अजून गेलेली नाही, तपासणीचा रिपोर्ट अजून हाती आलेला नाही आणि तरीही झोप उडालेली असते. येथे आपल्या मराठीने एक मार्मिक भेद जपून ठेवला आहे. मराठीत काळजी ‘केली’ जाते आणि काळजी ‘घेतली’ही जाते. शब्द एकच, क्रियापद बदलले की अर्थ पालटतो. आजारी आईची काळजी करणारा मुलगा रात्रभर कूस बदलत राहील. काळजी घेणारा तिच्या गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवील आणि इशाची नमाज अदा करून झोपेल. दुआमध्ये आश्रय मागितला आहे तो पहिल्या काळजीपासून. दुसरीचा तर आदेश आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी निवेदन केलेल्या हदीसचा आशय असा की जे आपल्या हिताचे आहे त्याचा ध्यास धरावा, अल्लाहची मदत मागावी आणि हातपाय गाळू नयेत, आणि तरीही काही विपरीत घडलेच, तर ‘असे केले असते तर तसे झाले असते’ असे म्हणत बसू नये, कारण हे ‘जर-तर’ शैतानाच्या कारवाईचे दार उघडते. पूर्वार्धात हम्मवर इलाज आहे, उत्तरार्धात हजनवर.

अज्ज आणि कसल यांचा निवाडा ज्याने त्याने स्वतःपुरता करावा. दुसऱ्याची असमर्थता आपल्याला नेहमीच आळस वाटते आणि स्वतःचा आळस असमर्थता. बुख्ल आणि जुब्न यांविषयी येथे अधिक लिहीत नाही. कर्जाजवळ मात्र थांबले पाहिजे.

दुआमध्ये कर्जासाठी जो ‘दलअ’ शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ वाकणे, कलणे असा आहे. म्हणजे माणसाला ताठ उभे राहू न देणारा भार. हजरत आयेशा (रजि.) यांच्या निवेदनानुसार प्रेषित (स.) नमाजमध्येही कर्जापासून आश्रय मागत. इतक्या वेळा का, असे कोणी विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले की कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. पैशाच्या नुकसानीचा येथे उल्लेखही नाही. भीती आहे ती चारित्र्य ढासळण्याची. झोप लागत नाही, घरात बरकत नाही, एखादा वजीफा सांगा, अशी विनंती घेऊन मशिदीत येणाऱ्यांशी थोडे मोकळेपणी बोलले की पुष्कळदा शेवटी एक हप्ता निघतो. लग्नातील जेवणावळीचा, हॉलचा, बचत गटाचा, मोबाईलवरील ॲपने दोन मिनिटांत दिलेल्या रकमेचा. आणि त्या हप्त्याची घरातील बाईमाणसांना गंधवार्ताही नसते. (व्याजाचा प्रश्न आणखी गंभीर आहे, सूरह बकराच्या २७५ ते २७९ या आयती प्रत्येक कर्जदाराने आणि सावकाराने अर्थासह वाचाव्यात.)

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तेव्हा दुआनंतरचे पहिले काम म्हणजे कागद घेऊन बसणे. कोणाचे किती देणे आहे, कधी द्यावयाचे आहे, हे पती-पत्नींनी मिळून लिहावे. लपविलेले कर्ज दुप्पट जड होते. त्याच सूरहच्या २८०व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सवड देण्याची आणि माफ करणे अधिक उत्तम असल्याची शिकवण आहे. ती धनकोसाठी आहे, हे आपण विसरतो. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातचे जे आठ मानकरी सांगितले आहेत, त्यांत कर्जाखाली दबलेलेही आहेत. रमजानमध्ये जकात वाटताना मोहल्ल्यातील असा कुटुंबप्रमुख आपल्या यादीत असतो का? तो हात पसरत नाही, म्हणून बहुधा नसतो. त्याला केवळ तवक्कुलचा उपदेश करून परत पाठविणे, ही आपली जबाबदारी अल्लाहवर ढकलण्यासारखे आहे.

शेवटची गोष्ट, माणसांची दडपशाही, ऐकली की आपल्या डोळ्यांपुढे साहेब, मुकादम, घरमालक येतात. परंतु हीच दुआ शेजारच्या खोलीत आपली सूनही पढत असेल, तर तिच्या डोळ्यांपुढे कोण येत असेल? दिवसभर बाहेर अपमान गिळलेला पुरुष घरी येऊन तो बायको-मुलांवर ओकतो, तेव्हा दुआमधील आठवी पीडा तो स्वतःच झालेला असतो. हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठविताना प्रेषितांनी बजावले होते की पीडिताच्या हाकेपासून सावध राहा, तिच्या आणि अल्लाहच्या दरम्यान कोणताही पडदा नसतो. रागासाठी तर त्यांनी अगदी साधा उपाय सांगितला, जो अबू दाऊदमध्ये हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आला आहे : उभे असाल तर बसा, तेवढ्याने राग गेला नाही तर आडवे व्हा. दाराशी चपला काढतानाच खाली बसून घेणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

ही दुआ केव्हा पढावी? संकट कोसळल्यावर तर पढावीच, पण त्याआधीही. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले विद्वान अबू जैद बल्खी यांनी देह आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले आहे. निरोगी माणूस अडीअडचणीसाठी घरात औषधे बाळगतो, तसे मन शांत असतानाच हितकर विचारांचा साठा करून ठेवावा, असे त्यांचे मत होते. फज्रच्या नमाजनंतर जागेवरच बसून, एकेका शब्दाचा अर्थ मनात धरून ही दुआ पढली, तर दोन मिनिटेही लागत नाहीत. प्रत्येक शब्दावर क्षणभर थांबावे आणि आज यांपैकी काय माझ्याजवळ आहे, हे स्वतःला विचारावे. मोबाईल त्यानंतर हाती घ्यावा.

मात्र दोन-तीन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच मन नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे हे ईमान कमकुवत असल्याचे लक्षण नाही. हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या निवेदनात प्रेषितांनी उपचार करण्यास सांगितले आहे आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजाराचा इलाज अल्लाहने निर्माण केला असल्याचे म्हटले आहे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. घरातील कोणी अशा अवस्थेत असेल, तर पहिला फोन आपण लावून द्यावा आणि त्याच्या शेजारी बसून राहावे.