कोणते जाधव?

गेल्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत उभा असताना मागच्या एका गृहस्थांनी माझा अर्ज पाहून विचारले, "जाधव? कोणते जाधव?" मी गावाचे नाव सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांना काय विचारायचे होते ते मला कळले होते. पण मी गप्प राहिलो.

घरी आल्यावर वडिलांना विचारले, "दादा, आपण जाधव कसं झालो?" दादा म्हणाले, "शाळेत घातलं तवा मास्तरानं लिव्हलं. त्येच मुकादमाच्या वहीत, त्येच तुझ्या दाखल्यावर." दादा दरसाल ऊसतोडीला जातात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा या आडनावाचा माग आपणच काढावा, असे मनाने घेतले.

प्रथम भाषेकडे पाहू. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा 'य' प्राकृतातून मराठीत येताना पुष्कळदा 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला. दूर कशाला, आपल्या अंबाजोगाईची योगेश्वरी लोकांच्या तोंडी जोगाई झाली. त्याच रीतीने यादवाचा जादव व जादवाचा जाधव झाला.

हे यादव म्हणजे देवगिरीचे राजे. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने स्वतंत्र राज्य स्थापिले. पुढे सिंघण राजाचा सेनापती खोलेश्वर याचे मंदिर व शिलालेख अंबाजोगाईत आजही आहेत. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी रामदेवरावाचा यदुवंशी राजा म्हणून गौरव आहे. हे राजे आपले मूळ द्वारकेच्या यदुकुळाशी जोडीत. त्यांची वंशावळ हेमाद्री पंडिताने आपल्या ग्रंथात दिली आहे. येथे मला गंमत वाटली. राजाचे कूळ दरबारच्या पंडिताने लिहिले आणि आमचे शाळेच्या मास्तरांनी!

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली व पुढील दोन तपांत राज्य लयास गेले. नाव मात्र राहिले. सिंदखेडचे जाधव स्वतःला याच यादवांचे वंशज मानीत. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव हे त्यांतलेच. १६२९ साली निजामशाहाच्या दरबारात त्यांची हत्या झाली, तीही दौलताबादेस, म्हणजे जुन्या देवगिरीवरच. सेनापती धनाजी जाधवही याच घराण्यातले.

राजाच्या नावावरून आडनाव पडणे हे आपल्याकडेच घडले असे नाही. आयर्लंडमधील ओब्रायन हे आडनाव १०१४ साली क्लोन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू या राजावरून आले. त्यातील 'ओ' म्हणजे वंशज.

पण नाव एक म्हणून रक्तही एक, असे समजण्याचे कारण नाही. जाधव मराठ्यांत आहेत, दलित समाजात आहेत, बंजारा तांड्यांवर आहेत, इतर अनेक जातींतही आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव, आणि 'आमचा बाप आन् आम्ही' लिहिणारे नरेंद्र जाधव हे दोघेही जाधवच. यांपैकी खरे कोण आणि खोटे कोण, हे कोणत्या शिलालेखावरून ठरवायचे?

मला तर असे वाटते की, आडनावावरून आपल्या भाषेचा व राज्यांचा इतिहास समजतो. माणसाची किंमत समजत नाही. "कोणते जाधव?" या प्रश्नामागे इतिहासाची जिज्ञासा क्वचितच असते, समोरच्याला कोठे बसवावे, एवढेच बहुधा पाहायचे असते.

यंदा दसऱ्यानंतर दादा पुन्हा कोयता घेऊन निघाले. मुकादमाने वहीत उचलीच्या रकमेपुढे 'जाधव' असे लिहिले व दादांनी खाली सही केली. त्याच नावाने मी हा लेख लिहीत आहे. ते गृहस्थ पुन्हा भेटले, तर या वेळी मी गप्प राहणार नाही. "ऊस तोडणाऱ्यांपैकी," असे सांगेन.